कडुनिंबाखालच्या दोन खुर्च्या

माघ संपत आला की नागपूरच्या बेसा भागातल्या आमच्या सोसायटीत शिंका सुरू होतात. चौथ्या मजल्यावरच्या वानखेडे वहिनी गच्चीवर जुनी चादर अंथरून भिवापुरी मिरची वाळत घालतात. वारा उलटा फिरला की अख्खा जिना तिखट होतो आणि लिफ्टमध्ये शिरलेला माणूस शिंकतच बाहेर येतो. सोसायटीच्या ग्रुपवर दरवर्षी तक्रार येते, वहिनी दरवर्षी त्या तक्रारीखाली हात जोडल्याचं चित्र टाकतात आणि मिरची जिथल्या तिथे राहते. लोकांच्या आठवणींना म्हणे मोगऱ्याचा वास असतो, नाहीतर आंब्याच्या मोहराचा. माझ्या सगळ्यात चांगल्या हंगामाची आठवण शिंकेनं सुरू होते. त्याचं मला आता काही वाटत नाही. उलट पहिली शिंक आली की बरं वाटतं.

मी माणसांना प्रश्न विचारून पोट भरते. आरोग्याचा आणि समाजाचा अभ्यास, असं त्याचं भारदस्त नाव आहे. पण हुडकेश्वरला राहणारी माझी आई अजूनही नातेवाइकांना सांगते, "ते घरोघरी जाऊन फारम भरते." लग्नसमारंभात कुणीतरी विचारतंच, की मग तू डॉक्टर आहेस का. नाही म्हटलं की सरकारी आहेस का. तेही नाही म्हटलं की समोरचा माणूस माझ्याकडे जरा दयेनं बघतो आणि जिलबी वाढतो. आता मी मुलांना शिकवतेही. प्रश्न कसा विचारावा, उत्तर कसं लिहून घ्यावं, आपलं मत उत्तरात कसं मिसळू देऊ नये. शिकवायला सोपं आहे. मला ते यायला एक मिरचीचा हंगाम लागला आणि अठ्ठेचाळीस बायका लागल्या.

त्या वर्षी मी तेवीस वर्षांची होते. पदवी हातात पडून सहा महिने झाले होते आणि नागपुरातल्या एका लहानशा संशोधन संस्थेत पहिली नोकरी मिळाली होती, तीही हंगामापुरती. भिवापूरच्या सातऱ्यांवर काम करणाऱ्या बायकांची तब्येत कशी आहे, ते शोधायचं होतं. सातरा म्हणजे मिरची वाळवायचं आणि निवडायचं मोठं मैदान. सकाळच्या एसटीनं उमरेड मागे टाकून भिवापूरला उतरायचं आणि गावाबाहेरच्या त्या सातऱ्यावर चालत जायचं. पहिल्या दिवशी मी फाटकातच थांबले. डोळा जाईल तिथपर्यंत जमीन लाल होती. त्या लालाच्या कडेला, ताडपत्रीच्या सावलीत, नाकातोंडाला फडकं बांधलेल्या बायका आठ-आठ, दहा-दहाच्या गोलात बसून मिरचीची देठं खुडत होत्या. खुडल्याचा बारीक कट्‌कट् आवाज सगळीकडून येत होता. मी वही काढली, तेवढ्यात असा ठसका लागला की पाच मिनिटं वहीत काही लिहिता आलं नाही. एका म्हाताऱ्या बाईनं न विचारता माझ्यापुढे पाण्याचा गडवा धरला आणि म्हणाली, "पयल्या दिवशी सगळ्याईलेच लागते. आठ दिवसानं मिर्चीच तुले घाबरन."

पाणी तिथे एवढंच होतं, एक पिंप, प्यायचं. हात धुवायला नव्हतं. सातऱ्याच्या मालकानं आमच्या संस्थेला कबूल केलं होतं, की अहवालात तशी गरज दिसली तर पुढच्या हंगामाआधी हात धुवायला नळ आणि बसायला पक्कं शेड करू. भला माणूस होता. पण त्याला कागद हवा होता. बायकांना त्रास होतो असं लिहून आलं तर नळ, नाही आलं तर नाही. हा कागद मी आणणार होते. साठ बायका, साठ फॉर्म.

मला नियम फार आवडायचे, अजूनही आवडतात. घरी डाळीच्या डब्यांवर चिठ्ठ्या लावणारी मी. प्रशिक्षणात सांगितलं होतं, मुलाखत एकेकटीची घ्यायची, दुसऱ्या कुणाच्या कानावर पडणार नाही अशा जागी. मी लगेच मैदानाच्या टोकाचं कडुनिंबाचं झाड हेरलं, चहाच्या टपरीवरून दोन प्लास्टिकच्या खुर्च्या मागून आणल्या आणि समोरासमोर मांडल्या. मग गोलापाशी जाऊन मी एकीला नावानं बोलवायचे. ती फडकं सोडून उठायची, पदर सारखा करायची आणि माझ्यामागून त्या एवढ्या मोठ्या मैदानातून चालत यायची. मला वाटायचं, काय मान दिला आपण या बाईला.

"डोळ्यांची जळजळ होते?"

"नाई."

"हाताची आग?"

"नाई."

"रात्री झोप लागते?"

"लागते नं बापा."

"खोकला, ठसका?"

"काईच नाई, म्याडम. एकदम मस्त हाय."

दहा मिनिटांत फॉर्म पूर्ण. एकही रकाना रिकामा नाही, कुठे खाडाखोड नाही. परतीच्या एसटीत मी ते फॉर्म मांडीवर घेऊन परत परत चाळायचे. इतकी वर्षं मिरचीत काम करून या बायकांची कातडी तयार झाली असणार, असा माझा सिद्धांत तयार झाला होता. अहवालातलं वाक्यसुद्धा मी मनात लिहून ठेवलं होतं, "दीर्घ सवयीमुळे" अशी त्याची सुरुवात होती. घरी जेवताना मी तो सिद्धांत बाबांना ऐकवला. बाबांनी ठेच्याचं बोट चाखलं, डोळे पुसले आणि म्हणाले, "मले त पन्नास वर्षांत सवय नाई झाली." मी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं, कारण ते नमुन्यात नव्हते.

मागच्या आठवड्यात माझी विद्यार्थिनी ऋतुजा कुही भागातून माहिती गोळा करून आली. आता कागद गेले, टॅबलेट आले. एक प्रश्न सोडला तर पुढचा उघडतच नाही. तिनं कौतुकानं सगळं दाखवलं. धान्याच्या गोदामातल्या मजूर बायका, धुळीचा त्रास, सगळीकडे "नाही" वर हिरवी खूण. मी विचारलं, "तू बसली कुठे होतीस?" ती म्हणाली, "मॅम, ऑफिसमध्ये. मॅनेजरनं त्यांची केबिन दिली, खूप को-ऑपरेटिव्ह होते." मी हसले. ती बिचारी गोंधळली. तिला रागावण्याचा मला काय अधिकार? मी चहा मागवला आणि तिला माझी कडुनिंबाखालची गोष्ट सांगायला बसले. दरवर्षी कुणाला ना कुणाला सांगावी लागतेच. या धंद्यात आपली फजिती जपून ठेवावी लागते, तीच पुढे शिकवायला कामी येते.

अठ्ठेचाळीस फॉर्म झाले त्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं. फाल्गुनात विदर्भात असं होतं कधीकधी. मैदानभर मिरची उघडी पडलेली. मुकादम ओरडला आणि सगळ्या बायका धावल्या. कुणी खोऱ्यानं ढीग लावत होत्या, कुणी ताडपत्री ओढत होत्या. मी खुर्चीतून उठून बघत राहिले आणि मग कुणीतरी माझ्याही हातात ताडपत्रीचं टोक दिलं. पाऊस आला नाहीच, चार थेंब पडले आणि वारा सुटला. पण मैदान झाकलेलं, उघडायला वेळ लागणार, म्हणून सगळ्या एकाच ताडपत्रीच्या छपराखाली दाटीवाटीनं बसल्या आणि समोरच्या पोत्यातून खुडायला लागल्या. मला जागा मिळाली ती पहिल्या दिवशी पाणी देणाऱ्या म्हाताऱ्या शेवंताबाईच्या आणि निशाच्या मध्ये. निशा विशीतली होती, तिचं पाच महिन्यांचं बाळ मागे साडीच्या झोळीत झोपलं होतं. रिकामं बसणं बरं दिसेना म्हणून मीही मिरच्या उचलल्या.

अर्ध्या तासात माझी बोटं पेटली. मी हात झटकायला लागले तशा सगळ्या हसल्या. शेवंताबाई म्हणाली, "आता घरी जाऊन ताक चोळजो. मंग खोबऱ्याचं तेल. तरी बी रातच्याले हात गोधडीत घेता येत नाई. मी त ओल्या फडक्यात बांधून निजतो."

"रोज?" मी विचारलं.

"रोज नाई त काय सनावाराले?"

पलीकडची एक बोलली, की तिचे डोळे हंगामभर लालच असतात, नवरा म्हणतो दारू पितेस का. दुसरीनं सांगितलं, की घरी जाऊन ती आधी नातवापासून लांब बसते, आजी आली म्हणून तो धावत येतो आणि तिला हात मागे बांधून उभं राहावं लागतं. मग माझं लक्ष निशाकडे गेलं. ती एकट्या उजव्या हातानं खुडत होती. डावा हात मनगटापर्यंत स्वच्छ कापडात गुंडाळून मांडीवर ठेवला होता. मला वाटलं लागलं असेल. ती म्हणाली, "लेकराले पाजाले एक हात त ठेवा लागते नं, ताई. दोन्ही हात मिर्चीचे झाले तर त्याले उचलू कशी?" एका हातानं काम अर्धं व्हायचं, पण ती ते मुकाट्यानं करत होती. माझ्या फॉर्ममध्ये निशाच्या नावापुढे लिहिलेलं होतं: हातांचा त्रास, नाही.

मी म्हणाले, "पण तुम्ही तर मला सगळ्यांनी सांगितलं, काही त्रास नाही म्हणून."

दोघीतिघींनी मान वळवून मैदानाकडे बघितलं. मुकादम लांब होता. तो गोलाजवळ फारसा फिरकायचाच नाही, त्याला ठसका लागायचा. मग शेवंताबाईच बोलली, आवाज खाली आणून.

"कशी सांगन वं कोनी? ज्या बाईले कामावरून कमी करा लागते, तिलेच मुकादम एकटीले उठवून नेते. त्याच निंबाखाली. बाकीच्याईसमोर नाई बोलत तो. तू आली, नाव घेऊन एकेकीले उठवलं, तिथंच नेलं, खुर्चीवर बसवलं, अन इचारलं तब्येत कशी हाय. काय समजाव बाईनं?"

"मी समजली, आता गेली मायी हजरी," निशा म्हणाली.

मी ज्याला मान समजत होते तो त्यांच्यासाठी निरोप होता. अठ्ठेचाळीस बायका त्या लाल मैदानातून माझ्यामागून चालत आल्या होत्या, आणि प्रत्येकीला वाटत होतं की आपण शेवटचं चालतोय. परत गेल्यावर गोल तिला विचारायचा, काय झालं, आणि ती सांगायची, काही नाही, मस्त आहे असं सांगितलं म्हणून वाचले. पुढचीला उत्तर तयार मिळायचं. माझे स्वच्छ, भरलेले, बिनखाडाखोडीचे फॉर्म अशा रीतीनं तयार झाले होते.

त्या संध्याकाळी एसटीत मी पिशवी मांडीवर घेतली, पण फॉर्म काढले नाहीत. खरं सांगायचं तर मला आधी स्वतःचीच काळजी वाटली. हंगाम संपायला तीन आठवडे होते आणि माझी नोकरीही तेवढीच. फॉर्म तसेच दिले असते तर कुणालाही काही कळलं नसतं. उरलेले बारा भरले असते, शाबासकी मिळाली असती, पुढचं काम मिळालं असतं. बायका ठणठणीत आहेत असा अहवाल गेला असता, मालकानं तो वाचला असता आणि नळाचा विषय मिटला असता. निशानं बाळ शाळेत जाईपर्यंत एका हातानं मिरची खुडली असती. हे सगळं मला उमरेडच्या अलीकडेच स्पष्ट दिसत होतं आणि तरी नागपूर येईपर्यंत माझं काही ठरलं नव्हतं. ते मी कबूल करून ठेवते.

आमच्या संस्थेच्या प्रमुख होत्या मेश्राम मॅडम. बारीक अंगकाठी, सुती साडी, चष्मा नाकावर घसरलेला, आणि बोलणं कमी. त्यांच्यापुढे बोलताना माणूस आपोआप वाक्यं आवरतो. मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेले, फॉर्मचा गठ्ठा टेबलावर ठेवला आणि एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही टोकलं नाही. सगळं संपल्यावर माझ्या सुजलेल्या बोटांकडे बघत विचारलं, "तू खुडली मिरची?"

"हो."

"किती?"

"अर्धं टोपलं असेल."

"मग आता तुला साठ फॉर्मपेक्षा जास्त माहिती आहे," त्या म्हणाल्या. मला वाटलं त्या गठ्ठा फाडायला सांगतील. सिनेमात असतं तर तसं झालं असतं. मॅडमनी ड्रॉवरमधून लाल पेन काढलं. "फाडायचं काही नाही. प्रत्येक फॉर्मवर लिही, रद्द. आणि खाली कारण लिही, तुझ्या अक्षरात, तुझ्या सहीनं. मग परत जा. खुर्च्या नेऊ नको."

मी विचारलं, कारण काय लिहू. त्यांनी चष्मा वर सरकवला. "जे झालं ते."

अठ्ठेचाळीस वेळा मी लिहिलं, "मुलाखत घेणारीने चुकीची जागा निवडली, त्यामुळे उत्तरे भीतीने दिली गेली." पहिले दहा लिहिताना लाज वाटत होती. विसाव्यापाशी राग आला, मॅडमचाही आणि कडुनिंबाचाही. तिसाच्या पुढे हात दुखायला लागला. शेवटच्या काही फॉर्मवर मात्र अक्षर मोकळं झालंय. ते फॉर्म आजही माझ्याकडे आहेत आणि कधी फारच शहाणपण अंगात आलं की मी ते काढून बघते.

उरलेले ते तीन आठवडे माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे दिवस आहेत. हे वाक्य लिहिताना मी जरा थांबले, कारण लग्न, मुलगी, सगळं नंतर झालं. पण राहू दे ते वाक्य. मी परत गेले, गोलाच्या कडेला उभी राहिले आणि सांगितलं की माझं चुकलं, ते कागद रद्द केले, आता तुमच्यातच बसून विचारीन, ज्या बाईला बोलायचं नसेल तिनं बोलू नये. बायकांनी एकमेकींकडे बघितलं. शेवंताबाईनं अट घातली. "खुडशीन त बोलू. रिकाम्या हातानं बसली त मुकादम आमाले बोलते."

झालं. सकाळपासून दुपारपर्यंत मी खुडायचे आणि त्या बोलायच्या. अडचण अशी, की मिरचीच्या हातानं पेन धरता येत नाही. पेनाला तिखट लागलं की ते नंतर सवयीनं तोंडात जातं, हा शोध मी पहिल्याच दिवशी लावला. म्हणून सगळं लक्षात ठेवायचं आणि जेवणाच्या सुट्टीत हात राखेनं घासून लिहायचं, असं ठरलं. लिहिलेलं मी वाचून दाखवायचे. तिथून खरी मजा सुरू व्हायची.

"मी असं कवा म्हनलं?"

"तुम्ही म्हणालात, डोळ्यांत कचकच होते."

"कचकच नाई, आग. कचकच धुळीची. मिर्चीची आगच होते. नीट लिही."

मी खोडायचे. माझ्या वह्या त्या तीन आठवड्यांत अशा काही घाण झाल्या की बघवेना. समास भरले, बाण काढले, एकीचं वाक्य दुसरीनं दुरुस्त केलं, तिसरीनं त्यावर शेरा मारला. आणि जेवायचा तो थाट. प्रत्येकीच्या डब्यात एक चमचा, कुणाचा दोरीनं डब्याच्या कानाला बांधलेला. खेड्यात हातानं जेवणाऱ्या बायका सातऱ्यावर मात्र वरणभात चमच्यानं खायच्या, कारण हात तोंडाला लावायची सोय नव्हती. "हाटेलीत बसल्यावानी जेवतो आमी," असं म्हणून निशा चमचा वर धरायची आणि सगळ्या खिदळायच्या. मी घरून भाजी-पोळी न्यायचे. दुसऱ्या दिवसापासून मीही भात न्यायला लागले.

अहवालात खरी नावं घालत नाहीत, हे सांगितलं तेव्हा तर मोठीच चर्चा झाली. आम्ही बोललो आणि नाव दुसरीचं? मी समजावलं, की मुकादमाला कळू नये म्हणून. ते पटलं. पण मग बदललेलं नाव मी ठरवायचं हे कुणालाच मान्य नव्हतं. प्रत्येकीनं आपलं नाव आपण निवडलं. म्हातारी म्हणाली, तिला लहानपणापासून शेवंता हे नाव हवं होतं, तिच्या चुलत बहिणीला मिळालं. निशानं नाव सांगितलं आणि लाजली. एकीनं सिनेमातल्या नटीचं नाव घेतलं, त्यावर गोलानं तिला दोन दिवस चिडवलं. या लेखातही ती नावं तशीच ठेवली आहेत.

गोलात सगळंच बोललं जातं असं मात्र नाही. एकांताचा नियम ज्यांनी केला ते काही मूर्ख नव्हते. पोटाची दुखणी, घरातली भांडणं, न झालेली आणि झालेली बाळंतपणं, हे कधी एसटी स्टँडपर्यंत माझ्याबरोबर चालत आलेल्या बाईनं सांगितलं, तर कधी पाणी पिताना. मी शिकले ते एवढंच, की बोलायची जागा बाईनं निवडावी. आपण तिथपर्यंत चालत जावं. हे मी आता वर्गात फळ्यावर लिहिते आणि मुलं ते वहीत उतरवून घेतात. उतरवून घेतल्यानं काही होत नाही, पण मी लिहिते.

अहवाल गेला. मालकानं शब्द पाळला. पुढच्या हंगामात भिंतीला लागून चार नळ बसले आणि शेडही उभं राहिलं. त्याचं समाधान मला आहे, नाही असं कसं म्हणू. एवढ्या वर्षांत मी बरेच अहवाल लिहिले, त्यातल्या किती कागदांतून पाणी आलं ते बोटांवर मोजता येईल. पण भिवापूर म्हटलं की मला आधी तो नळ आठवत नाही. आठवतो तो हंगामाचा शेवटचा दिवस.

मॅडमचा नियम होता, अहवाल वर जाण्याआधी ज्यांच्याबद्दल आहे त्यांना वाचून दाखवायचा. मैदान जवळजवळ रिकामं झालं होतं. जमिनीवर लाल डाग राहिले होते आणि कोपऱ्यात शेवटचा ढीग. बायका त्याच्याभोवती बसून खुडत होत्या. मॅडम पहिल्यांदाच आल्या होत्या, एका पोत्यावर बसल्या. मी वाचायला लागले. हातांची आग, डोळे, झोप, निशाचा डावा हात. बायका माना हलवत होत्या. मग तो परिच्छेद आला: पहिल्या अठ्ठेचाळीस मुलाखती रद्द कराव्या लागल्या, कारण मुलाखत घेणारीची चूक झाली.

खुडण्याचा आवाज थांबला. शेवंताबाईनं विचारलं, "हे बी लिवलं? तुयी चूक?"

"हो."

"छापून येईन?"

"येईल."

"अन तुयं नाव?"

"माझं खरं नाव आहे. माझं बदललेलं नाही."

हातातली मिरची तिनं ढिगावर ठेवली. "मंग मायं एक राह्यलं सांगाचं," ती म्हणाली. "मले उजव्या डोयानं दिसत नाई. दोन हंगाम झाले. डाव्यानं बी धुकं-धुकं दिसते. मी बोटानं चाचपून खुडतो. कोनाले सांगितलं नाई. कळलं त बसवतीन घरी, अन घरी बसून मी काय करू?"

मी त्या बाईच्या मांडीला मांडी लावून तीन आठवडे बसले होते. मला काही दिसलं नव्हतं. तेवढ्यात निशा हळूच म्हणाली, "मले ठाऊक हाय, मामी."

शेवंताबाईनं तिच्याकडे तोंड फिरवलं.

"तुया ढिगात देठ राहून जाते. मी काढून टाकतो."

"मी बी काढतो," पलीकडची बोलली.

"मी बी," असं तिच्यापुढची म्हणाली, आणि मग एकीनं दुसरीकडे, दुसरीनं तिसरीकडे बघितलं. प्रत्येकीला वाटत होतं की फक्त आपल्यालाच माहीत आहे. दोन हंगाम त्या गोलातल्या सगळ्याजणी, एकमेकींनाही न सांगता, म्हातारीचा ढीग तिच्या नकळत साफ करत होत्या. एका हातानं काम करणारी निशासुद्धा.

शेवंताबाईच्या तोंडाचं फडकं थरथरायला लागलं. तिनं डोळे पुसायला हात वर नेला आणि सगळ्या बायका एकदम ओरडल्या, "हात नोको लावू!" ती दचकून थांबली, हात तसाच हवेत. कुणीच तिच्याजवळ जाऊ शकेना, सगळ्यांची बोटं लाल होती, माझीही. तेव्हा मेश्राम मॅडम पोत्यावरून उठल्या. आम्हाला कधी पाठीवर थापही न देणाऱ्या मॅडम त्या गोलात शिरल्या, तिच्यापुढे बसल्या, आणि आपल्या धुतलेल्या सुती पदरानं त्यांनी तिचे दोन्ही डोळे पुसले, एक दिसणारा आणि एक न दिसणारा. पुसून झाल्यावरही त्या उठल्या नाहीत. हळूहळू खुडण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.

मोतीबिंदूचं ऑपरेशन उन्हाळ्यात झालं, मॅडमनीच नागपूरला नेलं तिला. पुढच्या हंगामात ती गोलात होती आणि दुसऱ्यांच्या ढिगातली देठं काढून दाखवत होती. हे सगळं आज लिहिते आहे ते तिला विचारून. त्या शेवटच्या दिवसाच्या माझ्या वहीत मात्र तारीख आहे आणि खाली पान कोरं आहे. लिहून घ्यायचं मला सुचलंच नाही.